लेकरं मोजू नयेत

“एक, दोन, ती...”

एवढंच माझं म्हणून झालं होतं, तेवढ्यात वन्संनी माझं बोट धरून खाली ओढलं.

“मोजू नकोस. लेकरं मोजू नयेत.”

आम्ही दोघी जीपच्या उघड्या छतातून डोकी बाहेर काढून उभ्या होतो. समोर वीस-पंचवीस पावलांवर, कोरड्या नाल्याच्या काठी, झुडपाच्या सावलीत सिंहीण आडवी पडली होती आणि तिच्या अंगावर तिची पिल्लं लोळत होती. एवढीएवढीशी, मांजराएवढी. एक तिच्या शेपटीशी झटत होतं, एक कानाला लोंबकळत होतं. हे बघायला मी नाशिकहून मुंबई, मुंबईहून नैरोबी आणि तिथून सहा तास हाडं खिळखिळी करणाऱ्या रस्त्यानं मसाई माराच्या जंगलात आले होते. आणि इथंही माझं बोट कुठं असावं हे वन्संनीच ठरवायचं.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण, द्वारका. चोविसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, त्यानंतर नर्सिंग शिकल्या आणि बागलाणातल्या नामपूरला तीस वर्षं सरकारी नोकरी केली. आसपासच्या गावांत कुठं बाई अडली की आधी द्वारकासिस्टरला निरोप जायचा. मी म्हटलं, वन्सं, तुम्ही तर जन्मभर दर महिन्याला किती जन्मले त्याचे आकडे सरकारला पाठवलेत, आणि मला दोन सिंहाची पिल्लं मोजू देत नाही?

“आकडे रजिस्टरात,” त्या म्हणाल्या. “पाळण्यात नाही. आम्ही बाजरी मोजतानासुद्धा पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो.”

मी कपाळावर हात मारला. पुढच्या सीटवर माझा मुलगा मकरंद बसला होता, तो हसला. गाडी चालवणारा सॅमसनही हसला. त्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण वन्सं बोलल्या की तो हसायचाच. किती पिल्लं, असं त्यानं मला बोटांनी विचारलं. मी तीन बोटं दाखवली.

चार दिवस हे असंच चाललं होतं. दुर्बीण माझी, माझ्या थोरल्या मुलानं, मिलिंदनं मला वाढदिवसाला दिलेली. ती पहिल्या सकाळपासून वन्संच्या गळ्यात. खिडकीची जागा वन्संची, कारण त्यांना गाडी लागते. छताच्या कडेवर त्या दोन्ही कोपरं पसरून उभ्या राहायच्या, मग मला उरायची वीतभर जागा. सगळे लोक हत्ती बघत होते तेव्हा त्या सॅमसनला खुणा करून विचारत होत्या, लेकरं किती, बायकोचं दूध सुटलं का. भाजलेल्या शेंगदाण्यांची अख्खी पिशवी त्यांनी त्याला देऊन टाकली. तो आम्हा दोघींनाही ‘मामा’ म्हणायचा, त्यांच्याकडे मामा म्हणजे आई. पण वन्संना म्हणताना त्याचा आवाज वेगळा यायचा, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

खरं सांगायचं तर माझं डोकं दुर्बिणीनं फिरलं नव्हतं. त्याचं कारण चार दिवसांपूर्वीचं होतं.

मकरंद तेव्हा नैरोबीत पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर होता. त्याची बायको पल्लवी सहा महिन्यांची गरोदर. तिची आई तिच्या लहानपणीच गेलेली. म्हणजे माहेरी बाळंतपण करणारं कुणी नाही. आम्ही पोहोचलो त्या दिवशी जेवताना मकरंद म्हणाला, डिसेंबरात बाळ येईल, तुम्हा दोघींपैकी एकीनं यावं, तीन-चार महिने राहावं. घर लहान आहे, आणि तुम्ही दोघी एका स्वयंपाकघरात शिरलात तर मला नोकरी सोडून भांडणं मिटवावी लागतील. माराहून परत येईपर्यंत तुमचं तुम्ही ठरवा.

वन्सं “बरं” म्हणाल्या आणि भात कालवायला लागल्या. मी ताटातली भाकरी मोडत बसले.

ठरवायचं काय त्यात? आई कोण होती? मिलिंदची दोन्ही मुलं त्याच्या सासुरवाडीला झाली. मी बाराव्या दिवशी पाहुण्यासारखी गेले, पाळण्याची दोरी ओढली, पेढा खाल्ला आणि परत आले. नातवंडाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं राहिलं ते राहिलंच. आता ही एकच संधी उरली होती, आणि ती मला हवी होती. इतकी हवी होती, की बॅगेच्या तळाशी मी डिंक, हळीव आणि बाळगुटीची पुरचुंडी घालूनच निघाले होते. पण मुलानं ‘आई, तू ये’ म्हणायला नको? आईनं काय मुलाकडे अर्ज करायचा? मी तोंडाला कुलूप घातलं. चार दिवस मी वाट बघत होते, आणि चार दिवस तो आम्हा दोघींना सारखाच चहा आणून देत होता.

वन्संचा हक्क कशावर होता तेही सांगते, म्हणजे माझा राग उगाच नव्हता हे कळेल. मिलिंद आणि मकरंद जुळे. मिलिंद गुटगुटीत, मकरंद मूठभर. मी नाशिकच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर, आठवड्याला बदलणारी पाळी. हे धरणाच्या कामावर, महिन्यातून दोनदा घरी. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मकरंद तीन महिन्यांचा असताना वन्सं आल्या, त्याला उचललं आणि म्हणाल्या, हा जगवायचा असेल तर माझ्याकडे दे. दोन वर्षांचं बोलणं होतं. दोनाची सात झाली. तो नाशिकला आला तो पहिलीच्या वर्गात, आणि आला तेव्हा मला ‘तुम्ही’ म्हणत होता. मी ज्याला-त्याला हेच सांगत आले होते: नणंदेनं माझं पोर ठेवून घेतलं.

आणि आता त्या पोराचं पोरही त्याच घेणार होत्या.

तर सिंहीण. ती उठली, आळस दिला आणि एका पिल्लाची मानगूट तोंडात धरून चालायला लागली. पिल्लानं पाय पोटाशी घेतले आणि मुकाट लोंबत राहिलं. आमच्या गाडीच्या अगदी पुढून तिनं रस्ता ओलांडला आणि लांब टेकाडावर, जिथं मोठमोठे खडक होते, तिकडं गेली. सॅमसननं सांगितलं की ती जागा बदलते आहे. पिल्लं लहान असताना सिंहिणी अशीच थोड्या-थोड्या दिवसांनी जागा बदलतात, वास लागून दुसरी जनावरं येऊ नयेत म्हणून. नेताना मात्र एकेकालाच नेतात.

“म्हणजे उरलेली तोवर एकटीच?” वन्संनी विचारलं. मकरंदनं ते इंग्रजीत सॅमसनला विचारलं. सॅमसन म्हणाला, एकटीच.

अर्ध्या तासानं ती आली, दुसरं नेलं. परत आली, तिसरं नेलं. बघायला सुंदर होतं, नाही म्हणत नाही. पण तोवर नऊ वाजून गेले होते. आमचा जंगलातला तो शेवटचा दिवस. दुपारी नैरोबीला परत निघायचं होतं आणि त्याआधी मला नदी बघायची होती. हजारो विल्डबीस्ट, गाईच्या तोंडाची ती रानहरणं, मगरींच्या तोंडातून नदी पार करतात, ते बघून येणार म्हणून मी माझ्या भिशीतल्या सगळ्या बायकांना सांगून ठेवलं होतं. सॅमसनच्या वायरलेसवर दुसऱ्या ड्रायव्हरचा आवाज आला: नदीकाठी कळप जमलाय, कधीही उडी मारेल.

मी म्हटलं, चला, झालं. तिन्ही गेली. सॅमसननं किल्ली फिरवली.

“थांब,” वन्सं म्हणाल्या. “अजून एक आहे.”

इंजिन बंद झालं. सॅमसननं आपली दुर्बीण लावली, झुडूप वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मान हलवली. त्यालाही तीनच दिसली होती. मकरंदलाही तीनच.

“वन्सं, तुम्ही मोजत नाही ना?” मी म्हटलं.

“मोजलं नाही. बघितलं. बारीक आहे, फिकट रंगाचं. तिकडं गवताच्या ठोंबामागं निजलंय. बाकीची अंगावर चढत होती तेव्हाही ते लांबच होतं.”

मला आता रडावं की हसावं कळेना. सकाळी माझं बोट यांनी ओढलं नसतं तर मी पुढं मोजलं असतं, आणि असतं तर दिसलंही असतं. आता वन्संच्या एका शब्दावर आम्ही तिघं रिकाम्या झुडपाकडे टक लावून बसलो. दहा मिनिटं, वीस मिनिटं. ऊन चढायला लागलं. वायरलेसवर नदीची बातमी आली: पहिला कळप पाण्यात शिरला. मी घड्याळ बघितलं, मग वन्संकडे बघितलं, मग पुन्हा घड्याळ बघितलं. त्यांच्यावर काडीचा परिणाम नाही. कोपरं पसरून, माझी दुर्बीण डोळ्यांना लावून उभ्या. मी म्हटलं, वन्सं, विल्डबीस्ट आपल्यासाठी थांबणार नाहीत. त्या म्हणाल्या, विल्डबीस्टला पुष्कळ जण बघायला आहेत.

पन्नास मिनिटं झाली तेव्हा झुडपातून आवाज आला. बारीक, चिरका, मांजराच्या पिल्लासारखा. गवताचा ठोंब हलला आणि मागून एक पिल्लू बाहेर आलं. फिकट, हडकुळं, पोट आत गेलेलं. जिथं मघाशी त्याची आई पडली होती तिथं ते गेलं, जमीन हुंगली, गोल फिरलं आणि बसून ओरडायला लागलं.

सॅमसननं जीभ टाळ्याला लावून आवाज केला. त्यानं आधी वन्संकडे बघितलं, मग हात जोडले.

पण सिंहीण येईना. तिसरं नेऊन तिला तास होऊन गेला होता. सॅमसननं उभं राहून लांबवर बघितलं आणि दाखवलं: टेकाड आणि नाला यांच्या मधोमध रानरेड्यांचा मोठा कळप चरत आला होता. रेडे सिंहाची पिल्लं दिसली की तुडवतात, सिंहीण त्यांच्या मधून यायची नाही. मग काय करेल? सॅमसननं खांदे उडवले. कधी वळसा घालून येते. कधी नाही येत. उजवीकडे बाभळीसारख्या एका झाडाखाली एक तरस उभा होता आणि कान या आवाजाकडे लावून होता, तेही त्यानं दाखवलं. आपण काही करू शकत नाही का, मकरंदनं विचारलं. खाली उतरायचं नाही, हाकलायचं नाही, मधे पडायचं नाही, असा नियम आहे, सॅमसन म्हणाला.

माझा जीव मेटाकुटीला आला होता. नदी गेली होती, उन्हानं डोकं ठणकत होतं आणि त्या पिल्लाचं ओरडणं काही केल्या थांबत नव्हतं. ते कानांत शिरत होतं. मला तिथून निघायचं होतं, बस. मी म्हटलं, चला आता, हे बघत बसण्यात काय अर्थ आहे?

“ती येते,” वन्सं म्हणाल्या. “वेळ लागतो. पण येते.”

“नाही यायची,” मी म्हटलं, आणि माझा आवाज चढला. “तिला तीन धडधाकट आहेत. हे अशक्त आहे, जगणारं नाही. जनावरालासुद्धा कळतं कुणाला उचलायचं आणि कुणाला सोडायचं ते. सगळ्यांना कुठवर ओढत नेईल ती? तिचाही काही जीव आहे की नाही?”

मराठीत बोलले होते, तरी सॅमसननं वळून बघितलं. वन्सं दुर्बिणीतून डोळे न काढता उभ्या होत्या.

“दुपारच्या गाडीला नाहीतर संध्याकाळच्या गाडीला,” मकरंद म्हणाला. पुढं, काचेबाहेर बघत.

“काय?” मी विचारलं.

“आत्या असंच म्हणायची. दर शनिवारी. ‘येते रे तुझी आई. वेळ लागतो, पण येते. दुपारच्या गाडीला नाहीतर संध्याकाळच्या गाडीला.’ मी स्टँडसमोर रसवंतीच्या बाकावर जाऊन बसायचो. सकाळची पहिली गाडी नऊला यायची, तिचं नाव मात्र ती कधी काढायची नाही. संध्याकाळची पण रिकामी गेली की म्हणायची, टायर फुटलं असेल.” तो हसला. “इतकी टायरं फुटली, की मला वाटायचं नाशिकचा रस्ता काचांचाच केलाय.”

“जुनं कशाला उकरतोस,” वन्सं म्हणाल्या. “पिल्लाकडे बघ.”

मी खाली सीटवर बसले. छताची सावली तोंडावर आली तेव्हा बरं वाटलं.

बत्तीस वर्षं मी धरून चालले होते की या बाईनं माझ्या मुलाचे कान भरले. नाहीतर मी नामपूरला गेले की तो त्यांच्या लुगड्यामागं का लपला असता? आणि ही बाई दर शनिवारी माझ्यासाठी खोटं बोलत होती. एसटीची टायरं फोडत होती.

जे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, यांनासुद्धा नाही, ते आता सांगते. वन्संनी मकरंदला ठेवून घेतलं नव्हतं. ठरल्याप्रमाणे दोन वर्षं झाली तेव्हा त्या स्वतः त्याला घेऊन नाशिकला आल्या होत्या. तो तीन दिवस त्यांच्यासाठी रडला, मिलिंद त्याला ओरबाडायचा, माझी रात्रपाळी. चौथ्या दिवशी मी म्हणाले, वन्सं, दिवाळीपर्यंत न्या. दिवाळीनंतर त्या पुन्हा घेऊन आल्या. मी म्हणाले, सासूबाईंचं जास्त आहे, उन्हाळ्यात बघू. अशा त्या चार वेळा आल्या, आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे कारण होतं, आणि खोटं त्यातलं एकही नव्हतं. पाचव्यांदा आल्या तेव्हा त्याला शाळेच्या दाखल्यासकट माझ्या ओट्यावर बसवलं आणि चहासुद्धा न घेता निघून गेल्या.

आणि फोन. दिवसभर मी लोकांचे फोन जोडून देत होते. नामपूरच्या पोस्टात फोन होता, दवाखान्यापासून चार घरांवर. कांद्याच्या व्यापाऱ्यांना मी तो नंबर दिवसातून दहा वेळा लावून द्यायचे. स्वतःसाठी लावला तो हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. तो फोनवर रडतो आणि मग मला पाळी निभवत नाही, असं मी मनाला समजावलं होतं.

बाहेर पिल्लू ओरडत होतं. आता आवाज बसला होता, मधूनमधून नुसतंच तोंड उघडत होतं. वायरलेसवर काहीतरी आलं. सॅमसन मकरंदशी बोलला. मकरंद म्हणाला, निघायला हवं, फाटकाबाहेर वेळेत पोहोचायचं आहे. सॅमसननं किल्लीला हात घातला.

माझं इंग्रजी म्हणजे एक्स्चेंजमधलं इंग्रजी, दोन-चार वाक्यांचं. तेच तोंडून निघालं.

“होल्ड द लाइन, प्लीज,” मी म्हटलं.

सॅमसननं गोंधळून मकरंदकडे बघितलं. मकरंद माझ्याकडे बघत होता. मी पुन्हा उठून उभी राहिले. वन्संनी एक कोपर आत घेतलं आणि मला जागा करून दिली. दुर्बीण काढून माझ्या हातात दिली.

“उजवीकडे बघत राहा,” त्या म्हणाल्या. “रेड्यांना वळसा घालायचा तर ती तिकडून येईल.”

किती वेळ गेला सांगता येणार नाही. तरस दोनदा पुढं सरकला आणि दोनदा थांबला. देवाला मी नवसबिवस बोलणारी नाही, पण त्या दिवशी सप्तशृंगीला काय-काय कबूल केलं ते माझं मला माहीत.

आली. उजवीकडूनच आली, गवतात पोट टेकवत, धापा टाकत. तरसानं तिला बघितलं आणि पाठ फिरवली. ती नाल्यात उतरली, वर चढली आणि पिल्लापासून चार हातांवर उभी राहिली.

मला वाटलं ते धावत तिच्याकडे जाईल. ते ओरडायचं थांबलं, आणि मागं सरकलं. गवताच्या ठोंबामागं जाऊन पाठ करून बसलं.

“रुसलंय,” वन्सं म्हणाल्या.

सिंहिणीनं ओढून आणलं नाही. ती तिथंच खाली बसली, पुढचे पाय पसरून, आणि घशातून हलका आवाज काढत राहिली. बऱ्याच वेळानं ते पिल्लू निघालं. एक पाऊल, मग थांबायचं, मग एक पाऊल. ती चाटायला लागली तेव्हा ते उलथं पडलं. मग तिनं मानगूट धरली, उठली, आणि आल्या वाटेनं लांबचा वळसा घालत निघून गेली. मी दुर्बीण खाली घेतली तेव्हा तिच्या काचा आतून धुरकट झाल्या होत्या, की माझे डोळे, कोण जाणे. वन्संनी पदरानं तोंड पुसलं आणि सॅमसनला म्हणाल्या, हां, आता चल बाबा. त्याला ते बरोबर कळलं.

फाटकाबाहेर एका झाडाखाली आम्ही जेवायला बसलो. वन्संनी मकरंदच्या घरून निघताना करून घेतलेल्या दशम्या होत्या, शेंगदाण्याची चटणी होती. सॅमसन आपला वाटा घेऊन दुसऱ्या ड्रायव्हरांकडे गेला. मी मनाशी ठरवलं होतं. सगळा रस्ता मी वाक्य जुळवत आले होते. मोठ्या मनानं बोलायचं, एकदाच बोलायचं.

“वन्सं,” मी म्हटलं, “डिसेंबरात तुम्हीच या. तो मान तुमचा आहे.”

वन्संनी माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी भाजीत मीठ विसरले आहे.

“मी कशाला येऊ? मी नाही म्हणून सांगून मोकळी झाले कधीची.”

“कधी?”

“नाशकातूनच. फोनवर. हे बघ.” त्यांनी उजवा हात माझ्यापुढं धरला. बोटं थरथरत होती. बारीक, पण थांबत नव्हती. “या हातात ओलं पोर द्यायचं का कुणी? वर्ष झालं. दुर्बीणसुद्धा कोपरं टेकवल्याशिवाय धरता येत नाही.”

चार दिवस त्या कोपरांवरून मी मनात शिव्या दिल्या होत्या. वन्संना जाऊन आता सात वर्षं झाली, पण कुणी जागा अडवून बसलं की मला अजून त्यांची ती कोपरं आठवतात. त्या वेळी मात्र मला भयंकर राग आला. आयुष्यात एकदा या बाईला काही द्यायला निघाले, तर तेही हिनं आधीच देऊन टाकलेलं. मी तो राग मकरंदवर काढला. हे तुला माहीत होतं तर ‘दोघींनी ठरवा’ म्हणून आम्हाला चार दिवस टांगून का ठेवलंस?

तो दशमीचा तुकडा मोडत होता. दाढीत त्याच्या तेव्हाच दोन-चार केस पिकले होते.

“तू काय म्हणतेस ते बघायचं होतं,” तो म्हणाला. “तू काहीच म्हणाली नाहीस.”

मी म्हणणार होते की तू विचारायला हवं होतंस. तेच वाक्य चार दिवस जिभेवर होतं. वन्सं चटणीच्या डब्याचं झाकण लावायला बघत होत्या, ते लागत नव्हतं. मी त्यांच्या हातातून डबा घेतला, झाकण लावलं आणि खाली ठेवला.

“मी येते,” मी म्हटलं. “मकरंद, मला यायचंय. मी येते.”

त्यानं मान वर केली. तोंडावर हसू होतं, पण घास हातातच राहिला होता.

“कुठल्या गाडीला?” त्यानं विचारलं.

“सकाळच्या,” मी म्हटलं. “पहिल्या.”